व्यवसाय : ड्रायव्हर

जूनमध्ये शाळा उघडली की वर्गशिक्षकाच्या टेबलावर फॉर्मचा ढीग पडतो. नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक, आईचं नाव, वडिलांचा व्यवसाय. यंदा नववीचे फॉर्म तपासताना एका मुलाच्या फॉर्मवर आम्ही थांबलो. वडिलांच्या व्यवसायापुढे त्याने 'नोकरी' असं लिहिलं होतं. त्याचे अब्बा आमच्या चांगल्या ओळखीचे आहेत. तासगावचा बेदाणा भरून दिल्लीपर्यंत ट्रक नेतात, येताना मिळेल तो माल घेऊन येतात. वीस वर्षं झाली त्यांना हेच करत.

"कसली नोकरी बाळा?" आम्ही विचारलं.

"ट्रान्सपोर्टमध्ये आहेत सर," तो खाली बघत म्हणाला.

मागच्या बाकावरून कुणीतरी आवाज टाकला, "ड्रायव्हर आहेत सर!" आणि वर्गात हशा पिकला. चूक आमचीच होती. असला प्रश्न साऱ्या वर्गासमोर विचारायचा नसतो हे बी.एड.ला शिकवलेलं, पण वीस वर्षांत विसरायला होतं.

गंमत पुढेच आहे. दुसऱ्या दिवशी त्याच मुलाची वही तपासायला आली. शेवटच्या चार पानांवर शर्यतीच्या गाड्या काढलेल्या. फॉर्म्युला वन. खालच्या पट्टीला फेरारी, मॅक्लारेन, मर्सिडीज अशी नावं, आणि प्रत्येक गाडीखाली ती चालवणाऱ्याचं नाव. म्हणजे ज्या शब्दाची त्याला फॉर्मवर लाज वाटली, तोच शब्द या पानांवर त्याने रंगीत पेनाने लिहिला होता. ड्रायव्हर.

आम्ही त्याला मधल्या सुट्टीत बोलावलं. ओरडायला नाही. एवढंच विचारलं, "या गाड्या एका देशातून दुसऱ्या देशात जातात कशा?"

"विमानाने," तो लगेच म्हणाला.

"सगळीकडे विमानानेच?"

त्याला ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर आम्हालाही नव्हतं. पुढचे काही रविवार आम्ही त्याच शोधात घालवले, आणि जे सापडलं ते या महिन्याच्या पानावर ठेवतो आहोत. ज्या घरांतला कर्ता माणूस आत्ता कुठल्या तरी महामार्गावर असेल, त्या घरांनी हे जरूर वाचावं.

मुलाचं उत्तर अर्धं बरोबर होतं. २०२५ साली या स्पर्धेच्या २४ शर्यती होत्या. ऑस्ट्रेलिया, जपान, ब्राझील, आखाती देश अशा दूरच्या ठिकाणी गाड्या मालवाहू विमानांनी जातात आणि जड सामान आधीच जहाजाने पाठवलेलं असतं. पण ९ शर्यती युरोपात होत्या. इटलीत दोन, मग मोनॅको, स्पेन, ऑस्ट्रिया, इंग्लंड, बेल्जियम, हंगेरी, नेदरलँड्स. तिथे सगळं रस्त्याने जातं. गाड्या, इंजिनं, गिअरबॉक्स, सुटे भाग, अवजारं, संगणक, गॅरेजच्या भिंती, इतकंच काय पाहुण्यांना जेवायला बसवायची दुमजली इमारतसुद्धा तुकड्या-तुकड्यांनी ट्रेलरवर चढवून नेतात. मर्सिडीजच्या संघाने २०२२ च्या उन्हाळ्यात बेल्जियम, नेदरलँड्स आणि इटली या लागोपाठच्या शर्यतींसाठी आपले ट्रक जैवइंधनावर चालवून पाहिले, ते १६ होते. एका संघाचे!

हे ट्रक चालवणाऱ्यांना त्या जगात 'ट्रकी' म्हणतात. लाडाचं नाव आहे, हिणवायचं नाही. बहुतेक संघांचे कारखाने इंग्लंडमध्ये आहेत. फेरारीचा इटलीत मारानेल्लोला आहे. कारखान्यातून ट्रक निघतात ते शर्यतीच्या आधीच्या आठवड्याच्या शेवटी किंवा सोमवारी-मंगळवारी मैदानावर पोहोचतात. आपल्याकडे गाडी पोहोचली, हमालांनी माल उतरवला, बिल्टीवर सही झाली की ड्रायव्हरचं काम संपतं. तिथे पोहोचल्यावर ट्रकीचं दुसरं काम सुरू होतं.

आधी ट्रक धुतात. हजार-दीड हजार किलोमीटरची धूळ आणि काचेवर चिकटलेले किडे घालवून, पुसून, चकचकीत करतात. मग सगळे ट्रक एका रेषेत उभे करतात, एकाचंही नाक पुढे आलेलं चालत नाही. शेजारी-शेजारी उभ्या केलेल्या दोन ट्रेलरांच्या मध्ये छप्पर टाकलं की खाली कारागिरांचं वर्कशॉप आणि वर इंजिनिअर लोकांचं ऑफिस तयार होतं. म्हणजे ट्रक हे नुसतं माल वाहायचं साधन राहत नाही, आठवडाभर तीच इमारत होते. नंतर गॅरेज उभं करायचं. मैदानावर मिळते ती एक रिकामी खोली. तिच्यात भिंतींचे फलक, वरून दिवे आणि तारा नेणारी चौकट, वीज, हवेच्या नळ्या, संगणकांची जोडणी, हे सगळं बसवायला साधारण दोन दिवस लागतात. टीव्हीवर दिसणारी ती दवाखान्यासारखी स्वच्छ खोली सोमवारी गोडाऊनसारखी असते. जे हात स्टिअरिंगवर होते त्यातलेच बरेचसे हात ती बांधतात.

शर्यतीच्या तीन दिवसांतही ट्रकी रिकामे नसतात. टायरचं काम बऱ्याचदा त्यांच्याकडे येतं. नेहमीच्या शर्यतीत एका गाडीला कोरड्या रस्त्यासाठी टायरचे १३ संच मिळतात, म्हणजे ५२ टायर. दोन गाड्यांचे १०४, पावसाचे वेगळे. ते धुवायचे, ओळीने लावायचे, कोणता संच कधी वापरला त्याचा हिशोब ठेवायचा, वेळेआधी विजेच्या गोधडीत गुंडाळून तापवायचे. शर्यत चालू असताना गाडी चाकं बदलायला आत येते तेव्हा एकेका चाकाला तीन माणसं लागतात. एक नट सोडवणारा, एक जुनं चाक ओढणारा, एक नवं बसवणारा. या माणसांतही ट्रकी असतात. २०२३ साली कतारच्या शर्यतीत मॅक्लारेनच्या संघाने चारही चाकं १.८० सेकंदांत बदलली. आम्ही वर्गात घड्याळ लावून मुलांना तेवढ्या वेळात पेनचं टोपण काढून परत लावायला सांगितलं. दोघांना जमलं.

आणि रविवारी शर्यत संपली की? बक्षिसाचा समारंभ चालू असतो, लोक नाचत असतात आणि मागच्या बाजूला गॅरेजच्या भिंती उतरत असतात. खरं तर जे सामान लागणार नाही ते शर्यत चालू असतानाच बांधायला घेतात. गाड्या मात्र पंचांच्या ताब्यात असतात. तपासणी होऊन त्या सुटेपर्यंत थांबावं लागतं, मग त्या ट्रेलरच्या वरच्या कप्प्यात उचलून ठेवतात. रात्री ट्रक बाहेर पडतात. काल ज्याने चाक बसवलं, तोच आज स्टिअरिंगवर.

इथे आम्हाला वाटलं होतं की एवढा पैसा, एवढी घाई, म्हणजे हे ट्रक सुसाट पळत असणार. तसं एकदा होतं. १९५५ साली मर्सिडीजने एक शर्यतीची गाडी पाठीवर घेऊन धावणारा निळा ट्रक बनवला होता. त्यात त्यांच्याच प्रसिद्ध स्पोर्ट्स कारचं इंजिन होतं आणि तो ताशी १७० किलोमीटरच्या आसपास जायचा. लोक त्याला 'निळं आश्चर्य' म्हणायचे. आज युरोपात अवजड ट्रकच्या इंजिनालाच लगाम असतो, ताशी ९० च्या वर तो जातच नाही. शर्यतीच्या संघाचा असला तरीही नाही.

त्याहून मोठा लगाम ड्रायव्हरच्या तासांना आहे. ट्रकमध्ये टॅकोग्राफ नावाचं यंत्र असतं. ड्रायव्हरने आपलं कार्ड त्यात घातलं की किती चालवलं, किती थांबला, किती वेगाने गेला, सगळं नोंदलं जातं. पोलीस कुठेही थांबवून ती नोंद काढू शकतात. नियम असा : सलग साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटं थांबायचं. दिवसात ९ तास चालवायचं, आठवड्यातून फक्त दोनदा १०. आठवड्यात ५६ तासांच्या वर नाही आणि लागोपाठच्या दोन आठवड्यांत मिळून ९० च्या वर नाही. रोज ११ तासांची विश्रांती, काही वेळा ती ९ पर्यंत आणता येते. आठवड्याची मोठी विश्रांती ४५ तासांची, आणि ती ट्रकच्या केबिनमध्ये घ्यायची नाही! मालकाने नीट झोपायची जागा द्यायची, खर्च मालकाचा. हे शेवटचं कलम आम्ही दोनदा वाचलं.

आता याची शर्यतीच्या वेळापत्रकाशी गाठ घाला. २०१८ साली पहिल्यांदाच लागोपाठच्या तीन रविवारी तीन देशांत शर्यती ठेवल्या. २४ जूनला दक्षिण फ्रान्समधलं ल कास्तले, १ जुलैला ऑस्ट्रियातलं स्पीलबर्ग, ८ जुलैला इंग्लंडमधलं सिल्वरस्टोन. पहिलं अंतर सुमारे अकराशे किलोमीटर, दुसरं सोळाशेच्या आसपास, त्यात समुद्राची खाडी ओलांडायची. आम्ही हे गणित वर्गातच घातलं. ताशी ९० चा लगाम, घाट, गर्दी, डिझेल धरून सरासरी ७० धरा. एक ड्रायव्हर दिवसाला ९ तास चालवणार, म्हणजे ६३० किलोमीटर. सोळाशेला किती दिवस? मुलांनी उत्तर काढलं, अडीच दिवसांच्या वर. सोमवारी निघालेला ट्रक बुधवारी पोहोचणार. गॅरेज बांधायला दोन दिवस. आणि गाड्या शुक्रवारी सकाळी मैदानात उतरायच्या आहेत.

"मग सर, रात्रभर चालवायचं," एक मुलगा म्हणाला.

"आणि ते यंत्र?"

वर्ग गप्प झाला. आमचा फॉर्मवाला मुलगा म्हणाला, "दुसरा ड्रायव्हर घ्यायचा." बरोबर. एका ट्रकवर दोन ड्रायव्हर असले की एक चालवतो तेव्हा दुसऱ्याची ४५ मिनिटांची थांबण्याची वेळ शेजारी बसूनच मोजता येते. पण त्यांनाही ३० तासांच्या आत ९ तास पूर्ण झोप घ्यावीच लागते, आणि ती झोप धावत्या ट्रकमधली धरत नाहीत. म्हणून संघांनी त्या उन्हाळ्यात जादा माणसं लावली. पैसा वाचवण्यासाठी किंवा वेळ गाठण्यासाठी माणसाची झोप कमी करा, असं म्हणायची सोय कुणालाच नव्हती.

मग ब्रिटन युरोपियन संघातून बाहेर पडलं आणि २०२१ पासून इंग्लंडमधल्या संघांच्या ट्रकवर आणखी एक ओझं आलं, कागदांचं. आत नेलेली प्रत्येक वस्तू परत बाहेर येणार आहे, विकायला नेलेली नाही, याची यादी सीमेवर दाखवायची. चेकनाक्यावर कागदासाठी उभं राहणं काय असतं ते आमच्या वाचकांना सांगायला नको.

जुलैमध्ये पालकसभा झाली. त्या मुलाचे अब्बा नेमके घरी होते, आले. सभा संपल्यावर आम्ही त्यांना थांबवून घेतलं, चहा मागवला आणि हे सगळं सांगितलं. पोरगा दाराशी उभा होता. आम्हाला वाटलं अब्बांना वेगाचं, पैशाचं कौतुक वाटेल. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "माल बांधतो कोण?"

"म्हणजे?"

"हौद्यात एवढी नाजूक गाडी आहे, घाटात ब्रेक मारला तर ती हलेल ना सर. रस्सा कोण मारतो? बांधणारा दुसरा आणि चालवणारा दुसरा असेल तर चालवणाऱ्याला रात्रभर धाकधूक."

तेच लोक चढवतात, तेच बांधतात, तेच चालवतात, असं आम्ही सांगितलं. ते समाधानाने मान हलवून म्हणाले, "मग ठीक." वीस वर्षांच्या अनुभवाने माणूस कुठे बोट ठेवतो बघा. आम्ही आठ रविवार वाचलं, आम्हाला हा प्रश्न सुचला नव्हता.

झोपेच्या नियमावर मात्र ते हसले. तासगाव ते दिल्ली, माल वेळेत पोहोचला तर ट्रान्सपोर्टवाला वर काही देतो, उशीर झाला तर भाड्यातून कापतो. मग कोण थांबतो? शेवटच्या रात्री डोळ्यांना पाणी मारत, खिडकी उघडी ठेवून, कुणाशी तरी फोनवर बोलत जायचं. फोनवर बहुतेक वेळा याची अम्मी असते, रात्री दोन वाजता. "ती झोपत नाही म्हणून मी जागतो," ते हसत म्हणाले. दाराशी उभा असलेला पोरगा हसला नाही.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. २०२५ पर्यंत १९६१ चा मोटर वाहतूक कामगार कायदा होता. पाच किंवा जास्त कामगार असलेल्या वाहतूक धंद्याला तो लागू होता. त्यात दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, लांबच्या मार्गावर थोडी सवलत, आणि सलग पाच तासांच्या आत किमान अर्ध्या तासाची विश्रांती लिहिलेली होती. साठ वर्षांहून जुना कायदा. पण ज्याच्या मालकाच्या दोनच गाड्या होत्या त्याला तो लागू नव्हता, आणि जिथे लागू होता तिथे तास मोजणारं यंत्र केबिनमध्ये नव्हतं. एक गोष्ट तेवढी नवी झाली. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनमध्ये एसी असलाच पाहिजे असा नियम लागू झाला. आम्ही हे सांगितलं तेव्हा अब्बा म्हणाले, "आमची गाडी २०१२ ची आहे सर."

पोरांना स्वप्न दाखवताना खोटं बोलू नये. त्या मुलाने आम्हाला नंतर हळूच विचारलं, अब्बांना तिकडे ट्रकी होता येईल का. आम्ही स्पष्ट सांगितलं, अवघड आहे. आपलं अवजड वाहनाचं लायसन्स इंग्लंडमध्ये बदलून मिळत नाही. तिथे ट्रेलरची परीक्षा नव्याने द्यावी लागते, व्यावसायिक ड्रायव्हरला दर पाच वर्षांत ३५ तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, आणि काम करायचा परवाना वेगळाच. जागा थोड्या, मागणारे पुष्कळ. एखादा एजंट 'फॉर्म्युला वनमध्ये ड्रायव्हरची नोकरी' म्हणून पैसे मागू लागला तर त्याला चहा पाजून रवाना करावं. आणि ते आयुष्य टीव्हीवरच्यासारखं नाही. वर्षातले कितीतरी आठवडे घराबाहेर जातात. मुलांचे वाढदिवस राहून जातात. उन्हाळ्यात सगळ्या संघांना सलग १४ दिवस कारखाना बंद ठेवायची सक्ती आहे, तेवढे दिवस काय ते हक्काचे.

पण आपला या खेळाशी काहीच संबंध नाही असंही नाही. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वनची शर्यत झाली. त्याच मैदानावर २०१४ पासून काही वर्षं ट्रकच्या शर्यती भरत होत्या. सुरुवातीला चालवणारे परदेशी होते. २०१६ पासून आपल्याच महामार्गांवरचे ट्रक ड्रायव्हर निवडून, शिकवून, हेल्मेट घालून त्यांना मैदानात उतरवलं. आणि बहारिनला २००४ पासून, अबू धाबीला २००९ पासून शर्यत होते. तिथे विमानातून उतरलेलं सामान मैदानापर्यंत ट्रकनेच न्यावं लागतं. आखातातल्या ट्रकच्या स्टिअरिंगवर रत्नागिरी-रायगडचा माणूस असणं आपल्या घरांना नवं नाही.

हे सगळं ऐकून झाल्यावर अब्बांनी खिशातून बिल्टीचा जुना कागद काढला आणि म्हणाले, "सर, ते तासांचं लिहून द्या." आम्ही मराठीत लिहिलं : साडेचार तास, मग ४५ मिनिटं. दिवसाला ९. ते दोनदा वाचून त्यांनी कागद घडी घालून ठेवला. त्या रात्री भरून निघायचं होतं. जोडीला पोराचा मामा होता. पोरगा त्यांच्या मागे बाहेर गेला, मोटारसायकलवर बसताना त्यांच्या हातातली पिशवी त्याने घेतली.

दोन दिवसांनी वर्ग सुटल्यावर तो टेबलाजवळ आला. फॉर्म परत मागायला आला असेल असं आम्हाला वाटलं. तसं नव्हतं.

"सर, अब्बांचा फोन आला होता. धुळ्याच्या पुढे थांबले होते. त्यांनी विचारलंय, त्या ४५ मिनिटांत चहा प्यायला तर चालतो का?"

चालतो, असं आम्ही सांगितलं. फक्त त्या वेळात टायर तपासायला उतरू नका म्हणावं, ते काम धरतात.